नऊ वर्षांची दाढी

बुचाचं टोक मेणबत्तीवर धरून काळं केलं, त्यावर जरा फुंकर घातली आणि झुनिल्दानं पोराच्या हनुवटीवर पहिली रेघ ओढली. देर्लिस हसायला लागला. गुदगुल्या होतात म्हणाला. "हलू नकोस, नाहीतर बोकड दिसशील," ती म्हणाली आणि कानशिलापासून खाली, मग ओठांच्या वर, मग हनुवटीवर जरा दाट, असं भरत गेली. हाताला काम सोपं होतं. मेणाचा आणि जळक्या बुचाचा वास येत होता, चुलीवर दूध तापत होतं, बाहेर सरत्या हिवाळ्याची, ऑगस्टमधली कोवळी, बिनकामाची थंडी होती. भरून झाल्यावर देर्लिस स्टुलावरून उतरला आणि खिडकीतल्या उजेडाकडे तोंड करून उभा राहिला, आणि झुनिल्दाचा हात जिथल्या तिथं थांबला. स्वयंपाकघरात एक बुटका म्हातारा उभा होता. डोळे तिच्या मुलाचे होते. बाकीचा चेहरा कुणा मेलेल्याचा होता. दूध उतू गेलं तेव्हा तिला कळलं की आपण श्वास धरून उभ्या आहोत.

"कसा दिसतो?" त्यानं विचारलं. "धुऊन ये," ती म्हणाली. "पण बाई म्हणाल्या, बाबांना दाखव." "धुऊन ये म्हटलं ना!" तो दचकला. इतक्या जोरात ओरडायचं काही कारण नव्हतं. परवा सोळा ऑगस्ट, बालदिन. देशभर त्या दिवशी मुलांना चॉकलेटचं दूध आणि फुगे मिळतात, आणि त्याच दिवशी शाळेच्या पटांगणात शंभरावर वर्षांपूर्वीच्या त्या लढाईचं नाटक होतं. झुनिल्दानं लहानपणी पाठ केलेला धडा अजून तिच्या जिभेवर होता: तीन शेजारी देश एका बाजूला, आपला मार्शल, तेव्हाचा देशाचा धनी, एका बाजूला, पाच वर्षांच्या युद्धात पुरुष संपले, तेव्हा पोरं उभी राहिली, शत्रूला ती मोठी वाटावीत म्हणून त्यांना खोट्या दाढ्या लावल्या, ब्राझीलच्या घोडदळानं सकाळपासून दुपारपर्यंत ती कापली, संध्याकाळी रानात लपलेल्या आया आपापलं पोर शोधायला माळावर आल्या, तेव्हा शत्रूनं गवत पेटवून दिलं. धडा म्हणताना शेवटच्या वाक्याला आवाज चढवायचा असतो. तिला आवाज चढवल्याबद्दल बक्षीस मिळालं होतं. त्या पोरांच्या हनुवट्यांवर दाढी बांधली कुणी, हा प्रश्न धड्याखालच्या प्रश्नांत नव्हता, आणि तिलाही तो कधी पडला नव्हता. आता बोटांच्या पेरांत काजळी गेली होती आणि साबणानं निघत नव्हती.

आर्सेनियो, तिचा नवरा, सकाळचा माते, तो कडू पाल्याचा काढा, नळीनं ओढत बसला होता. तो सरकारी पाणीखात्यात कारकून होता, आणि विभागप्रमुखाची खुर्ची दोन महिने रिकामी होती. "झुनी, तुला कळतंय का काय चाललंय ते?" तो म्हणाला. "पहिल्या रांगेत पार्टीचे प्रतिनिधी बसणार. आपल्या पोराचं नाव माइकवरून सांगणार, वीर सिरिलोचा पणतू म्हणून. आणि सगळ्यात आधी तो पडणार."

"सगळ्यात आधी?"

"अगं, मानाचं पडणं आहे ते. निशाण हातात घेऊन."

"मला ती दाढी बघवत नाही."

"रंग आहे तो. साबणानं जातो." मग त्याचा आवाज खाली आला, कारण कोपऱ्यावरचा वाणी कुणासाठी कान लावून बसतो हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. "असं बाहेर कुठं बोलू नकोस हं. बघवत नाही म्हणे."

ती कामाला निघाली. रोजची बस तिनं सोडून दिली आणि चालत राहिली. असुन्सिओनच्या या भागातले रस्ते म्हणजे सगळा इतिहासच: एक रस्ता मार्शलच्या नावाचा, एक लढाईच्या, एक दुसऱ्या लढाईच्या. चौकातल्या मोठ्या पाटीवर मार्शल आणि आजचा जनरल यांच्या तसबिरी शेजारी शेजारी, जणू एकानं दुसऱ्याला हात धरून आणून बसवलंय. तिच्या वडिलांच्या तोंडून एकदाच, दारूच्या भरात, तिनं ऐकलं होतं की त्यांच्या लहानपणी शाळेत मार्शलला राक्षस म्हणायला शिकवत; ज्यानं देश खाल्ला तो राक्षस. मग कधीतरी सरकार बदललं, हुकूम निघाला, आणि एका सकाळी राक्षस देशाचा पहिला वीर झाला. वडील हसले होते आणि आईनं खिडकी लावून घेतली होती. झुनिल्दाला तेव्हा गंमत वाटली होती. आता चालताना वाटत होतं की पायाखालची फरशी सैल आहे. पाऊल टाकलं की खालून पाणी उडेल. समोरून शाळेच्या गणवेशातली पोरं येत होती आणि प्रत्येकाच्या हनुवटीकडे तिची नजर जात होती.

आजोबा सिरिलो, तिच्या आईचे वडील आणि त्या लढाईतून वाचलेले वीर, तिला नीट आठवत. ती सहा-सात वर्षांची असताना ते वारले, शंभरीला टेकलेले. दर सोळा ऑगस्टला गावच्या चर्चपुढे त्यांची खुर्ची मांडत, अंगात पांढरा कडक सूट, छातीवर पदक. पोरं गाणं म्हणत आणि आजोबा रडत. लोक एकमेकांना सांगत, त्यांना रण दिसतंय. झुनिल्दाचा हात त्यांच्या हातात असे, आणि ते तो इतका घट्ट धरत की बोटं पांढरी पडत. घरात ते कधी झोपत नसत. जुलैच्या थंडीतही ओसरीवर, घोंगडी घेऊन. दार लावलेल्या खोलीत त्यांचा जीव घाबरा होई. आणि मागच्या अंगणातल्या मातीच्या भट्टीत सणाला चिपा भाजला, सगळं घर त्या चीजच्या गरम कड्यांवर तुटून पडलं, तरी आजोबा आपला उकडलेला कसाव्याचा कंद खात बसत. लहान पोरांनी विचारलं तर कुणीतरी मोठं माणूस म्हणे, लढाईत जळकं पाहिलंय त्यांनी, वास सोसत नाही. सगळ्याला लढाई हेच उत्तर होतं. उत्तर इतकं मोठं होतं की त्यात काहीही मावत असे.

लॉंड्रीत फुमिएबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि वाफेच्या इस्त्रीवरून तिला उठवून काउंटरवर बसवलं. "आज तू कुणाची तरी बाही जाळशील." फुमिएबाई तीस वर्षांपूर्वी जपानहून इथल्या तांबड्या मातीत शेती करायला आल्या, शेती बुडाली आणि शहरात येऊन त्यांनी लॉंड्री काढली. त्या फार बोलत नसत. झुनिल्दानं दाढीचं सांगितलं. सांगताना हसून सांगितलं, की बघा कशी वेडी आहे मी. फुमिएबाई हसल्या नाहीत. हातातल्या शर्टाची कॉलर घडी घालत म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ सतरा वर्षांचा होता. विमान घेऊन गेला. परत यायचं तेल त्यात घातलंच नव्हतं."

झुनिल्दानं काउंटरवरची पावत्यांची वही मिटली.

"गल्लीनं आमच्या आईला वाकून वाकून नमस्कार केले. दारावर पाटी लावली, हे मानाचं घर. वर्षभरात तीच माणसं आली, म्हणाली, पाटी काढा, अमेरिकन येतायत, आम्हाला त्रास होईल. मग सगळे म्हणायला लागले, बिचारा, फसवला त्याला. गेल्या वर्षी भाचा आला होता तिकडून. तो म्हणतो, आता सिनेमे निघतात तसल्या पोरांवर. मुली थेटरात रडतात."

"आणि तुमची आई काय म्हणायची?"

फुमिएबाईंनी शर्ट कागदात गुंडाळला, दोऱ्याची गाठ मारली. "आई म्हणायची, त्याला मुळ्याचं लोणचं आवडायचं नाही. एवढंच. कुणी काही विचारलं की हेच."

दुसऱ्या दिवशी झुनिल्दाची आई गावाहून आली. बासिलिसा पंचाहत्तरीची होती, वीराची हयात मुलगी. आर्सेनियोनं मुद्दाम निरोप पाठवून बोलावलं होतं, तिलाही पहिल्या रांगेत बसवायचं होतं. जेवणं झाली, आर्सेनियो आणि देर्लिस झोपले, सगळं शहर झोपलं. दुपारच्या त्या झोपेच्या वेळी असुन्सिओनमध्ये कुत्रंही रस्ता ओलांडत नाही. दोघी अंगणात संत्र्याच्या झाडाखाली कसावा सोलत बसल्या. झुनिल्दाची सुरी थांबत होती, परत चालत होती. शेवटी ती म्हणाली, "आई, आजोबांना दाढी कुणी बांधली असेल? त्यांच्या आईनं?"

बासिलिसानं सालं पायाशी टाकली. "बाबांनी लढाई पाहिलीच नाही, पोरी."

झाडावर एक पक्षी होता, तो उडून गेला. झुनिल्दाला हे वाक्य ऐकून धक्का बसायला हवा होता. तसं झालं नाही. कुणीतरी खूप वेळ दारावर टकटक करत होतं आणि आपण आत्ता उठून कडी काढली, असं काहीसं वाटलं.

"त्यांना भट्टीत घातलं होतं," बासिलिसा म्हणाली. ती गावच्या ग्वारानी भाषेत बोलत होती, सावकाश, कसाव्याच्या कंदाकडे बघत. "मार्शलचा हवालदार पोरं गोळा करत फिरत होता. त्यांच्या आईनं अंगणातल्या भट्टीत त्यांना बसवलं, भट्टीच्या तोंडावर फरशी लावून चिखलानं लिंपून टाकलं. वारा लागायला मागं बोटभर भोक. नऊ वर्षांचे होते. दोन रात्री होते आत."

"आणि सापडले असते तर?"

"तर तिला भाल्यानं मारलं असतं. पोर लपवणारीला तीच शिक्षा होती. देशद्रोहीण." तिनं सुरी झग्याच्या टोकाला पुसली. "सापडले नाहीत. कारण शोधलं नाही. हवालदाराला ठाऊक होतं या घरात पोरं आहेत, रिकाम्या हातानं तो गेला नसता. तिनं फेर्मीनला दिलं. बाबांचा मोठा भाऊ, बारा वर्षांचा. भट्टीत एकच मावत होता."

झुनिल्दाला एकाएकी कसाव्याचा ओला, कच्चा वास सहन होईना. ती उठली, नळापर्यंत गेली, नळ न सोडताच परत आली. "हे सगळ्यांना ठाऊक होतं?"

"गावात कोण उरलं होतं ठाऊक असायला? आणि तेव्हा कुणी विचारतही नव्हतं. युद्ध संपल्यावर कितीतरी वर्षं जो वाचला तो वाचला. लोक मुळं खात होते. वीर कसला आणि भित्रा कसला! मी मोठी झाल्यावर मग फौजदार आला एक दिवस, फोटोवाला घेऊन. म्हणाला, सिरिलो आजोबा, तुम्ही या गावचे, त्या वयाचे, आणि जिवंत; म्हणजे तुम्ही लढलात. सरकारला वीर हवे होते आणि सगळे मेलेले. बाबा काही बोलले नाहीत. पदक लावू दिलं."

"का लावू दिलं?"

"मी विचारलं होतं. म्हणाले, हे फेर्मीनचं आहे, मी नुसतं सांभाळतोय." बासिलिसानं नवा कंद उचलला. "उद्या मी येणार नाही. तुझ्या नवऱ्याला सांग, पाय सुजलेत."

त्या दुपारनंतर झुनिल्दाच्या डोक्यात एकच चित्र फिरत राहिलं, आणि ते भट्टीतल्या मुलाचं नव्हतं. ती बाई दारात उभी आहे. आत दोघं. बाहेर घोडा खूर आपटतोय. किती वेळ मिळाला असेल तिला? हा की तो, हे ठरवायला किती वेळ लागतो? लहान म्हणून लहान्याला ठेवलं, की तो भट्टीत मावत होता म्हणून? आणि मोठ्याला काय सांगितलं असेल? तू आता पुरुष आहेस, असं? त्याच्या हनुवटीला तिनं हात लावला असेल, काहीतरी बांधायच्या निमित्तानं, घोड्याच्या शेपटीचे केस, मक्याची दाढी, जे हाताला लागेल ते. मग तो गेल्यावर भट्टीच्या बोटभर भोकाशी तोंड नेऊन आत कुजबुजली असेल, रडू नकोस. झुनिल्दा संध्याकाळी शर्टाचं बटण लावताना, ताटं मांडताना, देर्लिसचे कान पुसताना त्या बाईच्या जागी जाऊन उभी राही आणि परत येई, आणि परत आल्यावर आपलं घर तिला जरा हललेलं दिसे. ही बाई आमची शूर, की आमची कसाई? तिच्यासाठी शब्दच नव्हता. धड्यात आया फक्त शेवटी येतात, शोधायला.

सोळा तारखेला पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत लाल गळपट्टा घातलेले प्रतिनिधी, त्यांच्या शेजारी आर्सेनियो, केसांना तेल लावून. अर्ध्या पिंपात वाळका पालापाचोळा पेटवला होता. धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जात होता. आयांना काळ्या शाली देऊन भिंतीशी उभं केलं होतं. ड्रम तीनदा वाजला की मेणबत्त्या घेऊन यायचं, आपलं पोर शोधायचं आणि गुडघे टेकायचे, असं एल्वेसियाबाईंनी बजावलं होतं. त्या देर्लिसच्या वर्गशिक्षिका. "आणि झुनिल्दाताई, तुम्ही मधे हं, फोटो यायला हवा."

लढाई सुरू झाली. सहावीची मोठी मुलं लाकडी घोड्यांवरून आली, आणि दाढीवाली बुटकी माणसं किंचाळत त्यांच्यावर धावली. माइकवरून देर्लिसचं नाव जाहीर झालं, वीर सिरिलोचा पणतू, आणि तो ठरल्याप्रमाणे सगळ्यात आधी पडला. फार छान पडला. गुडघा, मग खांदा, मग गाल जमिनीला. निशाण छातीखाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एकेक करत सगळे पडले आणि पटांगण शांत झालं. झुनिल्दाला त्याची पाठ दिसत होती. शर्ट वर-खाली होत होता. तो मेलेला असताना श्वास घेत होता, आणि श्वास धरायचा प्रयत्न करत होता, कारण त्याला हे नीट करायचं होतं. त्याला मरणं नीट जमायला हवं होतं. एवढंच तिनं पाहिलं.

ड्रम वाजायच्या आधीच ती निघाली. मेणबत्ती कुणाच्या तरी हातात दिली. पडलेल्या पोरांमधून वाट काढत गेली, वाकली आणि देर्लिसला उचलून खांद्यावर घेतलं.

"आई, अजून नाही!" तो दातांत पुटपुटला. "अजून ड्रम वाजला नाही."

ती चालत राहिली.

"आई, मी मेलोय! खाली ठेव ना!"

खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं ती प्रतिनिधींच्या समोरून गेली. मुलाचं वजन भलतंच होतं, शाल घसरून एका खांद्यावर लोंबत होती. तिला वाटलं, आता कुणीतरी ओरडेल. कुणीतरी दंड धरेल. आर्सेनियोच्या चेहऱ्याकडे तिनं पाहिलं नाही. आणि मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. प्रतिनिधी उभे राहिले होते. ते टाळ्या वाजवत होते. त्यांच्या मागे सगळं पटांगण उभं राहिलं, बायका रडायला लागल्या, बँडवाल्यांना काय करावं कळेना म्हणून त्यांनी राष्ट्रगीत धरलं. भिंतीशी उभ्या बाकीच्या आयांना वाटलं, आता असंच करायचंय. त्याही धावल्या आणि आपापली पोरं उचलायला लागल्या. फाटकापाशी झुनिल्दा एकदा थांबली. तिच्या तोंडून काहीतरी निघणार होतं, पण टाळ्यांत ते कुणालाही ऐकू गेलं नसतं.

आर्सेनियोनं रस्त्यावर तिला गाठलं. त्याला धाप लागली होती आणि तो लहान मुलासारखा हसत होता. "झुनी! अगं, मला आधी सांगायचंस तरी! प्रतिनिधींच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, अशा आया आहेत म्हणून देश आहे. पुढच्या वर्षी सगळ्या शाळांत असंच करायचं म्हणतात. चल परत, फोटो काढायचाय."

"मी त्याला घरी नेतेय."

"हो, हो, पण आधी फोटो."

"आर्सेनियो, मी त्याला तिथून नेलं. मी नाटक करत नव्हते."

तो हसायचा थांबला. त्यानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि तिला दिसलं की त्याला समजलंय, आणि समजलंय हे त्याला नकोय. "असं म्हणू नकोस," तो हळू म्हणाला. "कुणालाच म्हणू नकोस. लोकांना आवडलंय ना? राहू दे तसंच." त्यानं तिची शाल सारखी केली, खांद्यावर नीट बसवली, आणि फोटोला एकटाच परत गेला.

देर्लिस तिच्या खांद्यावरून उतरला होता. तो रागानं दोन पावलं पुढं चालत होता. "सगळे हसतील मला. मेलेलं माणूस कुणी असं बोलतं का! तुझ्यामुळे बोललो मी." संत्र्यांच्या झाडांखाली पडलेल्या आंबट संत्र्यांना तो लाथा मारत होता. झुनिल्दा मागून चालत होती आणि बोलायला लागली. कुठून सुरू करावं कळत नव्हतं म्हणून मधूनच सुरू केलं. आजोबा सिरिलो त्या दिवशी माळावर नव्हते, असं. कुठं होते ते. मोठा भाऊ कुठं गेला ते. वाण्याच्या दुकानावरून जाताना तिचा आवाज आपोआप खाली येईल असं तिला वाटलं. तो आला नाही. वाणी दारात उभा राहून बालदिनाचे फुगे बांधत होता.

देर्लिस हळूहळू तिच्या बरोबरीला आला होता. "आत बसता येत होतं, की वाकून राहायला लागायचं?"

"वाकूनच असेल."

"शू लागली तर?"

"माहीत नाही."

"फेर्मीनला ठाऊक होतं, आत कोण आहे ते?"

तिला हे सुचलंच नव्हतं. ती थांबली. "असेल," ती म्हणाली. "ठाऊक असणारच. चिखल त्यानंच कालवला असेल."

"आणि त्यानं हवालदाराला सांगितलं नाही."

"नाही सांगितलं."

पुढच्या रस्त्यात त्यानं एकाही संत्र्याला लाथ मारली नाही. घरी बासिलिसा अंगणात खुर्चीवर बसली होती, खरोखरच सुजल्यासारखे दिसणारे पाय पाटावर ठेवून. देर्लिस तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, काळ्या दाढीत धुरानं आणि मघाच्या रागानं डोळ्यांत आलेलं पाणी ओघळलेलं. झुनिल्दाला वाटलं, आई आता दचकेल. पण बासिलिसानं त्याच्याकडे बघितलं, जसं रोज कुणी असं येऊन उभं राहतं.

"आजी," तो म्हणाला, "सिरिलो आजोबांच्या आईचं नाव काय?"

झुनिल्दाला सगळ्या सेनापतींची नावं पाठ होती, शत्रूच्या सुद्धा. ती आईकडे बघत राहिली. बासिलिसानं डोळे मिटले, ओठ हलवले, एक नाव तोंडात घोळवल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. शेजारच्या घरात रेडिओवर बँड वाजत होता.

"बाबा तिला आई म्हणायचे," ती म्हणाली.